रान बेणण्यासाठी कोयता कसा निवडावा

पावसाळा संपून दसरा उलटला की कोकणातल्या आंबा-काजूच्या बागांमध्ये बेणणी, म्हणजे माजलेले रान तोडून साफ करणे, सुरू होते. चार महिन्यांत कमरेपर्यंत, कुठे कुठे डोक्यापर्यंत वाढलेले गवत, रानमोडी, घाणेरी, करवंदीच्या जाळ्या आणि या सगळ्यांवर चढलेल्या वेली काढल्याशिवाय झाडाच्या बुंध्याशी पोहोचता येत नाही, फेब्रुवारीनंतर खाली पडणाऱ्या काजूच्या बिया सापडत नाहीत, आणि उन्हाळ्यात डोंगरावरून वणवा उतरला तर त्याला अडवायला मोकळी जागा उरत नाही. या कामासाठी पेट्रोलवर चालणारे ग्रासकटर आता गावोगावी आले असले, तरी गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या कडेला, कातळाच्या फटीत, कलमाच्या बुंध्यालगत आणि मनगटाएवढ्या जाड खोडांच्या जाळीत ते चालत नाही. तिथे कोयताच लागतो.

कोयता घेताना नवखा माणूस बहुधा एकच चूक करतो, आणि ती मीही केली होती. बाजारात टांगलेल्या कोयत्यांपैकी सर्वांत मोठा, जड आणि चकचकीत कोयता मी उचलला, दुकानातच हवेत दोनदा फिरवून पाहिला आणि समाधानाने घरी आणला. पहिली दहा मिनिटे त्याने घाणेरीची झुडपे अशी उडवली की मला स्वतःचेच कौतुक वाटले. पाऊण तासानंतर मनगट भरून आले, घाव इच्छित जागेच्या चार बोटे खाली पडू लागला, आणि एकदा पाते खोडावरून घसरून माझ्या गुडघ्याच्या शेजारून गेले. त्या दिवसापासून मी कोयत्याची प्रत्येक गोष्ट एकाच कसोटीवर पाहतो: हा कोयता कामाच्या दुसऱ्या तासाला हातात कसा वागेल? पहिल्या मिनिटाला सगळेच कोयते चांगले वाटतात. पुढचे सगळे विवेचन या एका प्रश्नाभोवती आहे.

आधी रान पाहावे, मग कोयता

खरेदीला निघण्यापूर्वी आपल्या जमिनीतून एक फेरी मारावी आणि नेमके काय तोडायचे आहे ते पाहावे. निव्वळ गवत असेल तर कोयता नकोच. त्याला विळा हवा. बोटाएवढ्या हिरव्या काड्या, रानमोडीसारखी मऊ खोडे आणि कोवळ्या वेली असतील तर हलके, पातळ आणि थोडे लांब पाते भराभर काम करते. करवंद, तोरण, घाणेरी, चिल्हार यांच्या काटेरी, गुंतागुंतीच्या जाळ्या असतील तर टोकाला आकडीसारखा बाक असलेला कोयता लागतो, कारण तिथे तोडण्याइतकेच ओढून काढण्याचे काम असते. बांबूच्या बेटातले सुकलेले काठ, कारवीचे वाळके सोट किंवा मनगटाएवढी कठीण लाकडे असतील तर पाते जाड आणि धार थोडी बोजड हवी. त्याहून जाड लाकडाला कुऱ्हाड किंवा करवत घ्यावी. मांडीएवढा बुंधा कोयत्याने तोडण्याचा हट्ट धरणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या कोयत्यांच्या धारेला पडलेल्या खाचाही पाहिल्या आहेत.

घाणेरीबद्दल इथेच एक गोष्ट सांगून टाकतो, कारण पुष्कळ जण केवळ तिच्यासाठी कोयता घेतात. घाणेरी वरून छाटली तर ती मरत नाही, उलट बुडाशी अनेक फुटवे येऊन पुढच्या वर्षी अधिक दाट होते. दिल्ली विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञांनी रूढ केलेली पद्धत अशी की जमिनीच्या पृष्ठभागाखाली, फुटवे जिथून येतात त्या भागाच्या खाली मुख्य मूळ तोडायचे आणि झुडूप उपटून मुळे वर करून उलटे ठेवायचे. हे काम कुदळीचे आहे. कोयता तिथे फक्त कुदळ चालवण्यापुरती वाट मोकळी करून देतो, आणि तेवढ्यासाठी जड कोयत्याची गरज नसते.

आकार: बाक कोणासाठी, सरळ पाते कोणासाठी

महाराष्ट्रात कोयता या एकाच शब्दाखाली निदान तीन वेगळी हत्यारे वावरतात. ऊसतोडीचा कोयता रुंद, पातळ आणि बहुतांशी सरळ धारेचा असतो. उसाचे रसाळ कांडे जमिनीलगत एका घावात तुटावे आणि त्याच पात्याने पाचट सोलले जावे एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. हे हत्यार त्या कामाशी इतके एकरूप झाले आहे की साखर कारखान्यांच्या तोडणीत नवरा-बायकोच्या जोडीलाच एक कोयता म्हणून मोजतात आणि एकट्या मजुराला अर्धा कोयता म्हणतात. शहाळेवाल्याचा कोयता जड असतो, कारण त्याचे काम एका जागी बसून, वरून खाली, तंतुमय सालीवर वजन टाकण्याचे असते. तिसरा तो कोकणी रानकोयता. त्याचे पाते मुठीपासून काही अंतर सरळ जाते आणि टोकाकडे आत वळते.

रान बेणण्यासाठी या तिसऱ्या जातीचा कोयता घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. टोकाचा बाक तीन कामे करतो. घाव मारताना फांदी पात्यावरून बाहेर घसरण्याऐवजी आत ओढली जाते, त्यामुळे कमी जोरात तुटते. तोडलेली काटेरी फांदी हात न लावता ओढून बाजूला टाकता येते. आणि घाव चुकून जमिनीकडे गेला तर बऱ्याचदा धारेऐवजी बाकाची बाहेरची, बिनधारेची पाठ दगडावर आदळते. जांभ्या दगडाच्या जमिनीत हा तिसरा फायदा पहिल्या दोन्हींपेक्षा मोलाचा ठरतो. मात्र बाक फार खोल असू नये. विळ्यासारखा पूर्ण गोल झाला तर घावाचे वजन टोकापर्यंत पोहोचत नाही आणि कानसही आतल्या वळणात नीट फिरत नाही. पाते जमिनीवर ठेवून मुठीच्या मध्यापासून पात्याच्या सरळ भागाच्या रोखाने पुढे रेष कल्पावी. बाकाचे टोक धारेच्या बाजूला त्या रेषेपासून दोन-तीन बोटे आत आले तर पुरे.

ऊसतोडीचा कोयता स्वस्त आणि सहज मिळणारा असल्याने अनेक जण तोच रानात वापरतात. रानमोडी आणि कोवळ्या वाढीपुरते ते चालते. वाळलेल्या करवंदीवर दोन घाव घातले की त्याची पातळ धार दुमडते.

लांबी, जाडी आणि वजन

मुठीच्या तोंडापासून टोकापर्यंत १० ते १२ इंच पाते, पाठीशी ४ ते ५ मिलिमीटर जाडी आणि मुठीसह ५०० ते ७०० ग्रॅम वजन, या मर्यादेत बहुतेकांचे भागते. हे आकडे म्हणजे नियम नव्हे. सराव असलेला, रोज कोयता चालवणारा माणूस किलोभर वजनही सहज फिरवतो. पण आठवड्यातून एकदा जमिनीवर जाणाऱ्याने या मर्यादेच्या खालच्या टोकाकडे राहावे. १०० ग्रॅमचा फरक दुकानात जाणवत नाही, मात्र तासाभरात हजार घाव घातले तर त्या फरकाने १०० किलो जास्त वजन उचलल्यासारखे होते, आणि ते मनगट व कोपर यांच्यावर जाते.

एकूण वजनापेक्षा ते कुठे आहे हे अधिक महत्त्वाचे. कोयता एका बोटावर आडवा तोलून पाहावा. तोल मुठीच्या तोंडापासून तीन-चार बोटे पुढे, पात्यावर सापडला तर घावात दम राहतो आणि हातही ताब्यात राहतो. तोल पात्याच्या मध्यापलीकडे गेला तर तो कोयता स्वतःच्या मर्जीने पडणार. तोल मुठीतच आला तर प्रत्येक घावाला जोर आपल्यालाच लावावा लागणार. चांगल्या कोयत्याची जाडीही सर्वत्र सारखी नसते: मुठीजवळ पाठ जाड, टोकाकडे थोडी पातळ, आणि पाठीकडून धारेकडे सलग उतार. एकाच जाडीच्या पत्र्याची पट्टी कापून फक्त कडेला ग्राइंडर फिरवलेला कोयता लाकडात पाचरीसारखा अडकतो. तो सोडवण्यात जी ताकद जाते ती तोडण्यातल्या ताकदीहून जास्त असते.

पोलाद

इथे थोडे थांबावे लागेल, कारण दिसायला एकसारख्या दोन कोयत्यांमधला सर्वांत मोठा फरक डोळ्यांना दिसत नाही. साध्या लोखंडात, म्हणजे गज, अँगल किंवा पट्टीच्या मऊ पोलादात, कार्बनचे प्रमाण पाव टक्क्याहून कमी असते. अशा धातूला कितीही तापवून पाण्यात बुडवले तरी तो धार टिकण्याइतका कडक होत नाही. म्हणून गावातला जाणता लोहार कोयत्यासाठी जुन्या ट्रकच्या कमानीचा, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगचा पाटा वापरतो. कमानीच्या पोलादात साधारण अर्ध्या टक्क्याहून थोडा अधिक कार्बन आणि त्यासोबत सिलिकॉन, मँगेनीज किंवा क्रोमियम यांसारखी भर असते. रस्त्यावरचे हादरे झेलून परत सरळ होण्यासाठीच तो बनवलेला असतो, आणि कोयत्याला नेमके तेच हवे असते. फक्त पाटा फार वर्षे चाललेला असेल तर त्यात केसासारख्या बारीक भेगा असू शकतात. विशेषतः मधल्या बोल्टच्या भोकाजवळचा तुकडा कोयत्याला घेऊ नये असे लोहाराला सांगावे. बहुतेकांना ते ठाऊकच असते.

पण चांगला धातू ही अर्धीच गोष्ट. उरलेली अर्धी म्हणजे पाणी देणे. पोलाद लाल तापवले की एका टप्प्यानंतर त्याला लोहचुंबक चिकटेनासे होते, साधारण ७७० अंश सेल्सिअसला. त्याहून थोडे पुढे नेऊन ते एकदम थंड केले की ते काचेसारखे कडक आणि तितकेच ठिसूळ होते. मग त्याला पुन्हा हलकी आच देऊन ठिसूळपणा घालवावा लागतो. या दुसऱ्या आचेच्या वेळी घासून उजळ केलेल्या पोलादावर रंग चढत जातात: सुमारे २२० अंशांना फिकट पिवळा, २५० च्या पुढे तपकिरी, मग जांभळा आणि ३०० च्या आसपास निळा. चाकूला पिवळा रंग ठीक. कोयत्याला, ज्याला वाळके लाकूड आणि अधूनमधून दगड सोसायचा आहे, तपकिरी ते जांभळ्याच्या दरम्यान थांबणे चांगले. अनुभवी लोहार फक्त धारेच्या बाजूची दोन-तीन बोटे पट्टी पाण्यात बुडवतो आणि पाठ मऊ ठेवतो, त्यामुळे धार टिकते आणि पाते मोडत नाही. कमानीचे पोलाद साध्या पाण्यात बुडवले तर तडकण्याची भीती असते, म्हणून काही जण तेल वापरतात. तेल वापरणारा लोहार मिळाला तर त्याच्याकडे आवर्जून जावे.

तयार कोयता घेताना हे सगळे कसे ओळखायचे? तीन साधे मार्ग आहेत. कोयता मुठीला दोन बोटांत सैल धरून लोंबता ठेवावा आणि पात्यावर किल्लीने टिचकी मारावी. स्वच्छ, लांबणारा नाद आला तर ठीक, बद्द आवाज आला तर पात्यात चीर आहे किंवा मूठ ढिली आहे. दुसरा मार्ग कानसेचा. दुकानदाराची परवानगी घेऊन मुठीजवळच्या धारेवर नवी कानस हलकेच एकदा फिरवावी. कानस लोण्यासारखी आत गेली तर धातू मऊ आहे, काचेवरून घसरावी तशी घसरली तर धार फार कडक आहे आणि दगड लागताच टवका उडेल. थोडा जोर दिल्यावर कुरकुरत धरली तर नेमकी. तिसरा मार्ग नजरेचा. धारेवर निळे डाग दिसले तर ग्राइंडरवर धार काढताना ती जाळली गेली आहे, दिलेले पाणी तिथे उतरले आहे, आणि तो भाग कायम बोथट होत राहणार.

स्टेनलेस स्टीलचा कोयता गंजत नाही हे खरे, पण स्वस्तातल्या स्टेनलेसला धार राहत नाही आणि बिघडले तर गावातला लोहार त्याला हात लावत नाही. रानात मी तो घेणार नाही.

मूठ

दुसऱ्या तासाला हाताला फोड येतो तो मुठीमुळे. मूठ पूर्ण गोल असेल तर पाते हातात फिरते आणि घाव तिरका पडतो. अंडाकृती असेल तर डोळे मिटूनही धार कुठे आहे ते कळते. चार बोटे मिटल्यावर अंगठा तर्जनीच्या पहिल्या पेरावर टेकला पाहिजे, तळव्यात पोकळी राहता कामा नये, आणि मागच्या टोकाला करंगळी अडेल असा फुगवटा हवा. घामाने हात निसटू लागला की हा फुगवटाच कोयता हातात ठेवतो.

लाकडांत शिसव, खैर आणि बाभूळ चांगली. धामण मिळाली तर उत्तमच, कारण तिच्या लवचिकपणामुळे कुऱ्हाडीच्या दांड्यासाठी ती पूर्वीपासून नावाजलेली आहे आणि घावाचा हादरा ती बराचसा गिळते. प्लास्टिकची मूठ पावसात कुजत नाही, पण घामाने निसरडी होते. लोखंडी पोकळ मूठ काही तयार कोयत्यांना असते. तिच्यात हादरा थेट कोपरापर्यंत जातो.

पात्याची शेपटी मुठीत किती खोल गेली आहे हे विचारावेच. ती मुठीच्या मागच्या टोकातून बाहेर काढून वळवलेली असेल तर मूठ निसटण्याचा प्रश्न उरत नाही. दोन बाजूंना लाकडाच्या फाका लावून आरपार रिबीट मारलेली मूठही भक्कम असते, फक्त रिबीट लाकडाच्या वर आलेले नसावेत. शेपटी जेमतेम दोन इंच आत ठोकून तोंडाशी एक कडी बसवलेली मूठ उन्हाळ्यात लाकूड आकसले की सुटते, आणि सुटताना पाते कुठे जाईल ते सांगता येत नाही.

लोहाराकडे गेल्यावर

शक्य असेल तर कोयता करवूनच घ्यावा. आपल्या तालुक्याच्या आठवडी बाजारात किंवा रस्त्याकडेला पाल ठोकलेल्या घिसाडी कुटुंबाकडेही ते होते, आणि गावात लोहारशाळा असेल तर फारच चांगले. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये. आपण वापरलेला, हाताला बरा वाटलेला एखाद्या शेजाऱ्याचा कोयता नमुना म्हणून न्यावा, किंवा पुठ्ठ्यावर पात्याचा आकार कापून न्यावा. इंच आणि ग्रॅम सांगण्यापेक्षा नमुना दाखवणे दोघांनाही सोयीचे.

सांगायच्या गोष्टी अशा: काय तोडायचे आहे, पाते कमानीच्या पाट्याचे हवे, बाक किती हवा, आणि आपण डावखुरे आहोत का. ही शेवटची गोष्ट लोक विसरतात. पुष्कळ कोयत्यांच्या धारेला एकाच बाजूने उतार दिलेला असतो आणि तो उजव्या हाताला सोयीचा असतो. डावखुऱ्याच्या हातात असा कोयता लाकडात शिरण्याऐवजी बाहेर फेकला जातो. शंका असेल तर दोन्ही बाजूंनी सारखा उतार मागावा. आणि लोहाराला घाई करू नये. पेरणीच्या तोंडावर फाळ, विळे आणि खुरपी तापवून-ठोकून धार काढून घेणाऱ्यांची रांग त्याच्या दारात असते, तेव्हा केलेला कोयता उरकलेला असतो. गणपती झाल्यावर गेले तर त्याच्याकडे वेळ असतो.

परदेशी धाटणीच्या पात्यांबद्दल थोडक्यात. ब्राझीलच्या त्रामोंतिना कंपनीची किंवा त्या जातीची लांब, सरळ माशेटी ऑनलाइन मिळतात. त्यांचे पाते १८ इंचांच्या आसपास लांब आणि जेमतेम २ मिलिमीटर जाड असते, कारण ती लॅटिन अमेरिकेतल्या ओल्या, हिरव्या वाढीवर वेगाने फिरवण्यासाठी घडली आहेत. ऑक्टोबरमधल्या रानमोडीवर ती झकास चालतात. जानेवारीतल्या वाळक्या करवंदीवर ती झणझणतात, आणि दाट जाळीत एवढे लांब पाते फिरवायला जागाच नसते. नेपाळी खुकरी जाड लाकडाला चांगली, मात्र तिच्यासाठी जमिनीलगत फार वाकावे लागते.

घरी आणल्यावर: पहिली धार

लोहाराकडून आलेली धार बहुधा खडबडीत असते, आणि ती आपल्या कामाप्रमाणे बसवून घ्यावी लागते. ८ किंवा १० इंची चपटी कानस, कुरुंदाचा दगड आणि कोयता घट्ट धरायला लाकडी ओंडका किंवा शिकंजा एवढे पुरते. कोयता धार आपल्यापासून दूर राहील असा पक्का करावा. धारेच्या उतारावर जाड पेनाने काळी रेघ ओढावी, म्हणजे कानस नेमकी कुठे घासते ते दिसते. कानस एकाच दिशेने ढकलावी, परत आणताना उचलावी. मागे-पुढे घासल्याने कानस लवकर मरते. कानसेला मूठ असावी आणि हातात चामडी मोजा असावा, कारण धार लावताना कापलेला तळवा बरा व्हायला फार दिवस घेतो. हिरव्या वाढीसाठी दोन्ही उतारांतला कोन साधारण २५ अंश, वाळक्या लाकडासाठी ३० ते ३५ अंश ठेवावा. टोकाच्या आतल्या बाकात चपटी कानस बसत नाही, तिथे अर्धगोल कानस घ्यावी. पलीकडच्या बाजूला तारेसारखी बारीक कड उभी राहिलेली बोटाच्या नखाला जाणवली की बाजू बदलावी, आणि शेवटी ओल्या दगडाने दोन्हीकडून ती कड मोडावी.

केस भादरण्याइतकी धार कोयत्याला लावू नये. ती पहिल्या पाच मिनिटांत जाते. वर्तमानपत्राचा कागद न फाटता कापला गेला की पुरे, आणि दुपारच्या जेवणाआधी दगडाचे दहा हात मारले की दुसऱ्या तासातही घाव नीट लागतो. बोथट कोयताच जास्त धोक्याचा असतो, कारण तो शिरण्याऐवजी घसरतो.

आकडी

कोयता वापरात नसताना तो कुठे असतो हा प्रश्न कोकणाने फार पूर्वी सोडवला आहे. कमरेच्या पट्ट्याला मागच्या बाजूला बांधलेली लाकडी किंवा धातूची आकडी, आणि तिच्यात अडकवलेला कोयता, हे दृश्य रायगडातल्या कातकरी आणि ठाकर वाड्यांवर आजही दिसते. चढताना दोन्ही हात मोकळे राहतात, झाडावरून एका हाताने कोयता काढता-घालता येतो. आपला कोयता आपल्या आकडीत सैल न राहता, न अडकता बसतो का हे घेतानाच पाहावे. आकडी नसेल तर धारेवर जुन्या सायकलच्या ट्यूबचा किंवा रबरी पाइपचा उभा चिरलेला तुकडा चढवावा. चामड्याचे म्यान दिसायला छान असते, पण त्यात ओल राहते आणि पाते आतल्या आत गंजते.

पहिला दिवस

उजव्या हातात कोयता असेल तर डाव्या हातात बेळके घ्यावे. तीन-चार फुटांच्या या दुबेळक्या काठीने झुडूप दाबून ताणून धरले की घाव अचूक बसतो आणि हात धारेच्या वाटेवर येत नाही. घावाची दिशा नेहमी अंगापासून दूर, आणि घाव चुकला तर पाते कुठे जाईल हे आधी पाहून घ्यावे. सोबत्यापासून निदान १० फूट अंतर ठेवावे. मनगटात दोरी अडकवावी असे काही जण सांगतात. मला ते पटत नाही, कारण निसटलेला कोयता लांब जाण्याऐवजी दोरीला झोका घेऊन आपल्याकडेच येतो.

तिरका घाव सोपा पडतो, पण त्याने उरलेला खुंट सुळ्यासारखा टोकदार होतो. बांबूचा असा खुंट चपलेतून आरपार जातो. म्हणून पहिल्या तिरक्या घावाने खोड पाडावे आणि दुसऱ्याने, किंवा करवतीने, खुंट जमिनीलगत सपाट करावा. पायात जाड तळाचे बूट, पोटरीवर जाड कापड आणि डोळ्यांवर चश्मा हवा. शेराचा किंवा काटेरी निवडुंगाचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते. बिब्ब्याच्या चिकाने अंग भाजल्यासारखे होते, आणि पावसाळ्यानंतर लटकणाऱ्या खाजकुहिलीच्या शेंगांना घाव लागला तर पुढचे दोन तास कामाचा विषयच संपतो. जाळीत घाव घालण्यापूर्वी बेळक्याने ती हलवून पाहावी. गांधीलमाशांचे घर असेल तर तेवढ्याने कळते. पाचोळ्यात फुरसे असू शकते, त्यामुळे तोडलेले ढीग हाताने उचलू नयेत.

आणखी एक गोष्ट तोडण्यापूर्वीच पाहायची. महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियम, १९६४ च्या यादीतल्या झाडांना, ज्यांत आंबा, फणस, जांभूळ, खैर, ऐन, किंजळ आणि साग येतात, आपल्या मालकीच्या जमिनीतही परवानगीशिवाय तोडता येत नाही. झुडपांत दडलेली त्यांची रोपे आधी ओळखून त्यांना चिंधी बांधून ठेवावी.

कोयता आणि कायदा

शस्त्र अधिनियम, १९५९ खालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारे शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारे मात्र त्यातून वगळली आहेत. खुकरीचे नाव त्या यादीत स्पष्ट आहे. म्हणून शेतीचा कोयता घरी असणे हा गुन्हा नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जिल्ह्यात किंवा शहरात वेळोवेळी मनाई आदेश निघतात, आणि अशा काळात हत्यार बाळगून फिरणे अडचणीत आणते. कोयत्याच्या गुन्ह्यांनी शहरांत जे वातावरण झाले आहे ते पाहता, पुण्या-मुंबईहून कोयता नेताना तो गोणपाटात गुंडाळून, दोरीने बांधून, डिकीत, कुदळ-फावड्यासोबत ठेवावा. पावती जवळ असावी. दुकानदाराने ओळखपत्र मागितले तर राग मानू नये.

जपणूक

काम संपल्यावर पात्यावरचा चीक तसाच वाळू देऊ नये, तो रात्रीत धातू खातो. रॉकेलच्या फडक्याने चीक पुसावा, पाते कोरडे करावे आणि खोबरेल तेलाचा हात फिरवावा. मुठीला वर्षातून दोनदा कच्चे जवसाचे तेल मुरवावे. त्याने लाकूड आकसत नाही आणि मूठ चिकटही राहत नाही. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी पावसाळ्यात महिन्यातून एकदा कोयता काढून पाहावाच. चुलीवरच्या माळ्यावर धुरात ठेवलेल्या कोयत्याला गंज कमी लागतो, ही जुन्या घरांतली सोय अजूनही जिथे चूल आहे तिथे वापरण्यासारखी आहे. खंडेनवमीला हत्यारे पूजेला मांडतो तेव्हा मूठ हलते का, रिबीट ढिले झाले का आणि धारेजवळ चीर आहे का हे पाहून घ्यावे, कारण दोन दिवसांनी ती रानात जाणार असतात.

काही वर्षे धार लावून लावून पाते अरुंद होते आणि एके दिवशी धारेचा जाड भाग वर येतो. कानस लवकर धरत नाही आणि कोयता लाकडात अडकू लागतो. तेव्हा नवा न घेता तोच कोयता लोहाराकडे न्यावा. तो पाते तापवून, ठोकून पुन्हा पातळ करतो आणि नव्याने पाणी देतो. मूठ मात्र जुनीच ठेवायला सांगावी. तोवर ती आपल्या हाताची झालेली असते.